वर्गात पुस्तक निघते आणि आपण ते वाचलेले नसते

या महिन्याच्या टपालात तीन पत्रे अशी निघाली, की ती लिहिणाऱ्यांची एकमेकांशी ओळख नसूनही त्यांचे दुखणे एकच आहे: नेमलेले पुस्तक वाचलेले नाही आणि चर्चेला मात्र बसायचे आहे. त्यांतल्या पहिल्या पत्राला सविस्तर उत्तर देणे मला भाग वाटते, कारण त्यात कबूल केलेली गोष्ट मी स्वतःही एकदा केलेली आहे.

प्रश्न: मॅडम, सादर नमस्कार. मी मराठी विषय घेऊन एम.ए.च्या पहिल्या वर्षात शिकतो. सकाळी गावातल्या औषधांच्या दुकानात काम करतो आणि अकराच्या एस.टी.ने तालुक्याला कॉलेजला जातो. आमच्याकडे दर शनिवारी नेमलेल्या पुस्तकावर चर्चा असते आणि तिचे गुण अंतर्गत मूल्यमापनात धरले जातात. या वेळी विश्राम बेडेकर यांची 'रणांगण' ही कादंबरी होती. मी ती वाचलेली नव्हती. सरांनी अचानक माझा हजेरी क्रमांक पुकारला, तेव्हा मी उभा राहून म्हणालो, 'युद्धभूमीवर लढणाऱ्या सैनिकाच्या मनातील संघर्ष लेखकाने अत्यंत प्रभावीपणे रेखाटला आहे.' सर क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले, 'बरं' म्हणाले आणि त्यांनी पुढचा क्रमांक घेतला. कोणी हसले नाही. येत्या शनिवारी चर्चेचा उत्तरार्ध आहे. सरांना कळले असेल का? आणि वाचायला वेळच मिळाला नाही, तर वर्गात कसे बोलावे, याची काही पद्धत सांगता येईल का? (एक विद्यार्थी, सातारा जिल्हा)

उत्तर: सरांना कळले आहे. त्याविषयी मनात शंका ठेवू नका.

'कोणी हसले नाही' हे वाक्य तुम्ही स्वतःला दिलासा म्हणून लिहिले असावे. मी मात्र तिथेच अडखळले. 'रणांगण' वाचून आलेल्या वर्गात तुमच्या त्या वाक्यावर हशा पिकल्यावाचून राहिला नसता. त्यामुळे त्या शनिवारी वर्गात कादंबरी वाचून आलेली व्यक्ती बहुधा एकच होती आणि ती फळ्याजवळ उभी होती. सरांचे 'बरं' तुमच्या एकट्यासाठी नसावे.

या कादंबरीत युद्धभूमी नाही. 1939 साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी जवळजवळ सगळी एका बोटीवर घडते. युरोपातून निघालेल्या त्या बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन बाहेर पडलेले ज्यू आहेत, त्यांना मुंबईच्याही पुढे, पूर्वेकडे जायचे आहे. आणि मायदेशी परतणारा चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण त्यांच्यातल्या हॅर्टा नावाच्या तरुणीकडे ओढला जातो. मुंबई आली की तो उतरणार आणि ती त्याच बोटीने पुढे जाणार, ही गोष्ट दोघांच्याही डोक्यावर टांगलेली असते. दुसरे महायुद्ध अजून सुरू व्हायचे आहे. सैनिकाचा संघर्ष तुम्ही कुठून आणलात, हे उघड आहे: मुखपृष्ठावरच्या नावातून. नावावरून गाव ओळखायला निघालेल्या माणसाची इतकी अचूक फसगत करणारी दुसरी मराठी कादंबरी मला तरी चटकन आठवत नाही, आणि ती नेमताना तुमच्या सरांच्या मनात हा खट्याळपणा थोडासुद्धा नसेल, याची मी खात्री देणार नाही.

परंतु तुम्ही चुकीचे बोललात म्हणून पकडले गेलात, असे समजून पुढच्या वेळी बिनचूक थाप मारण्याच्या तयारीला लागाल, तर तेही कळणार आहे. 'मानवी मनाचे विविध कंगोरे', 'व्यक्ती आणि समाज यांच्यातील संघर्ष', 'वातावरणनिर्मिती अत्यंत परिणामकारक', 'भाषा ओघवती व पात्रांना साजेशी' ही वाक्ये शिक्षकांनी इतक्या वेळा आणि इतक्या पुस्तकांबद्दल ऐकलेली असतात, की ती सुरू होताच कान आपोआप मिटतात. तयार कपड्यांच्या दुकानातल्या सैल कुडत्यासारखी ती कोणत्याही पुस्तकाच्या अंगाला होतात. पुस्तक वाचलेला विद्यार्थी सहसा असा बोलत नाही. तो अडखळतो, एखाद्या पात्राचे नाव विसरतो, 'ते बोटीवर एक लहान मूल असते ना, त्याच्या तिथे मला जरा...' असे अर्धवट वाक्य सोडून देतो, आणि शिक्षकाला त्या अर्धवट वाक्यातच समजते की हा तिथे जाऊन आलेला आहे.

बाकीचे डावही जुनेच आहेत. आधीच्या वक्त्याचे शेवटचे वाक्य पकडून 'मला हा मुद्दा थोडा पुढे न्यावासा वाटतो' म्हणायचे आणि तो जागचा न हलवता खाली बसायचे. 'सर, यावर आपले मत ऐकायला आवडेल' असे सांगून चेंडू टोलवायचा. चित्रपट निघालेला असेल, तर तो पाहून यायचे. 'बनगरवाडी'वर अमोल पालेकरांचा चित्रपट 1995 साली आला, त्यानंतर माझ्या वर्गात 'कॅमेरा' हा शब्द न वापरता त्या कादंबरीविषयी बोलणारे विद्यार्थी कमी झाले. नवा डाव मोबाइलमधला आहे. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने मला 'रणांगण'चा यंत्राने लिहिलेला सारांश आणून दाखवला. मराठी सुरेख होते, शुद्धलेखन तर पुष्कळशा शोधनिबंधांपेक्षा बरे होते, आणि त्यात आघाडीवरच्या एका सुभेदाराला गावाकडे ठेवलेल्या बायकोची पत्रे येत होती. मराठी कादंबऱ्यांविषयी त्या यंत्राला जिथे माहिती सापडत नाही, तिथे तेही तुमच्यासारखेच मुखपृष्ठावरच्या नावाकडे पाहून ठोकून देते.

आता माझी गोष्ट. एम.ए.ला असताना मी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' न वाचता तोंडी परीक्षेला बसले होते. मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेतलेला सारांश मला पाठ होता: धनगरांची वाडी, तिथल्या शाळेवर नेमणूक झालेला तरुण मास्तर, वाडीकरांकडून त्याने उभी करून घेतलेली तालीम, अखेरीस पडलेला दुष्काळ आणि ओस पडलेली वाडी. यातले काहीही चूक नव्हते. त्या भरात मी म्हणाले, 'मास्तर या पात्राकडे लेखकाने दुरून, तटस्थपणे पाहिले आहे.' समोर बसलेल्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारले, 'हे सगळे आपल्याला सांगतो कोण?' मी म्हणाले, 'लेखक.' त्यांनी शेजारची प्रत उघडली, माझ्यापुढे सरकवली आणि दोन पाने मनात वाचायला सांगितली. त्या पानांवर जो 'मी' होता, तो मास्तरच होता. वाचून होईपर्यंत बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. नुसते 'या आता' म्हणाल्या.

सारांशात काय घडले ते उतरते, कोण सांगतो आहे ते बहुतेक वेळा गळून पडते. 'रणांगण'मध्ये तर ही गळती फारच महागात जाते, कारण ती हकिगत चक्रधर स्वतः सांगतो. त्याला त्या मुलीविषयी काय वाटत होते, त्याने काय केले आणि काय करायचे टाळले, हे आपल्याला त्याच्याच तोंडून कळते, आणि हा माणूस स्वतःला किती माफ करतो आहे, याचा अंदाज घेत घेत आपण पाने उलटतो. 'एका भारतीय तरुणाची व ज्यू तरुणीची अपुरी राहिलेली प्रेमकहाणी' एवढे गाईडमधून मिळेल. चक्रधरचा राग येणे गाईडमधून मिळणार नाही; मला तो पहिल्या वाचनात आला होता, तिसऱ्या वाचनात बराच निवळला.

तुम्ही पद्धत विचारलीत, म्हणून हिशेब मांडते. ही कादंबरी दीडशे पानांच्या आतली आहे. मराठी गद्याचे एक पान वाचायला दोन मिनिटे धरा आणि तुमचा एस.टी.चा प्रवास तासाभराचा धरा. एका खेपेत तीस पाने होतात. सोमवारी सकाळी सुरुवात केलीत, तर जाता-येता मिळून बुधवारी सकाळची गाडी तालुक्याच्या स्टँडवर लागेल, त्याच्या आसपास तुम्ही शेवटच्या पानावर असाल. संध्याकाळच्या गाडीत उभे राहावे लागते, दिवा मिणमिणता असतो, शेजारचा गृहस्थ खांद्यावर मान टाकून झोपतो, हे सगळे मला ठाऊक आहे. तरीही ती एक खेप पूर्णपणे वजा केली, तरी शुक्रवारच्या सकाळपर्यंत कादंबरी संपते. तुम्हाला वेळ नाही, हे मी खोटे मानत नाही. सकाळी दुकानात उभे राहून मग वर्गात येणारा विद्यार्थी आळशी नसतो. फक्त दीडशे पानांच्या आतल्या पुस्तकासाठी जेवढा वेळ लागेल अशी आपल्याला धास्ती असते, तेवढा तो लागत नाही, आणि या धास्तीपायीच पुष्कळदा प्रत उघडली जात नाही.

काही कारणाने निम्मेच झाले, तर निम्म्यावर बोला. शनिवारी आपला क्रमांक येण्याची वाट न पाहता चर्चेच्या सुरुवातीलाच हात वर करा आणि साध्या शब्दांत सांगा: 'सर, मागच्या शनिवारी मी कादंबरी न वाचता बोललो होतो. आता बाहत्तराव्या पानापर्यंत आलो आहे. इथल्या एका जागेविषयी मला विचारायचे आहे.' यापुढे क्षमायाचनेचे लांबण लावू नका. वर्गाचा वेळ त्यात जातो आणि ऐकणाऱ्यांनाही अवघडल्यासारखे होते. पानाचा आकडा सांगायला मात्र विसरू नका. आकडा सांगणाऱ्या विद्यार्थ्याकडे शिक्षक निराळ्या नजरेने पाहतो, कारण त्याला लगेच आपल्या प्रतीतले तेच पान काढता येते आणि मग बोलणे दोघांत सुरू होते. एकतीस वर्षांच्या नोकरीत असे सांगणाऱ्या एकाही विद्यार्थ्याचे गुण मी कापलेले नाहीत. न वाचता सुरेख बोलणाऱ्यांचे मात्र कापले आहेत, आणि त्यांतल्या काहींना ते का कापले गेले हे अजूनही कळलेले नसेल.

प्रश्न: मी एका वरिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. वर्गात चाळीस विद्यार्थी आहेत आणि नेमलेली कादंबरी त्यांतले पाच जणही वाचत नाहीत. चर्चेच्या तासाला सगळेच जण ठेवणीतली वाक्ये बोलतात, ती मलाही पाठ झाली आहेत. नापास करण्याची भीती घालून पाहिली, उपयोग झाला नाही. काय करावे? (एक प्राध्यापक, मराठवाडा)

उत्तर: सर, प्रथम ग्रंथालयात जाऊन नेमलेल्या कादंबरीच्या किती प्रती आहेत, ते पाहून यावे. चाळीस विद्यार्थ्यांमागे दोन प्रती असतील आणि त्यांतली एक विभागाच्या कपाटात कुलपात असेल, तर आपला प्रश्न वाचनाच्या आवडीचा नसून कुलपाच्या किल्लीचा आहे. पुस्तक बाजारात मिळत नसेल, तर ते नेमण्यात अर्थ नाही, मग त्याची थोरवी कितीही असो.

प्रती असतील, तर 'वाचले का?' हे विचारणे आजपासून बंद करून पाहा. या प्रश्नाला 'हो' एवढेच उत्तर येऊ शकते, आणि एकदा 'हो' म्हटले की पुढचा तासभर ते निभावून नेणे विद्यार्थ्याला भाग पडते. म्हणजे ती थाप आपणच त्याच्या तोंडात घातलेली असते. त्याऐवजी 'कुठपर्यंत आलात?' असे विचारावे. पिएर बायार या फ्रेंच प्राध्यापकांनी न वाचलेल्या पुस्तकांविषयी कसे बोलावे, याच विषयावर 2007 साली एक पुस्तक लिहिले. त्यात उल्लेखिलेल्या पुस्तकांना ते खुणा देतात: माहीत नसलेले, चाळलेले, ऐकलेले, वाचून विसरलेले. 'वाचलेले' अशी खूणच त्यांत नाही. बायार यांच्या सगळ्या युक्तिवादाशी मी सहमत नाही, न वाचण्याचे त्यांनी जरा जास्तच कौतुक केले आहे असे मला वाटते. पण खुणांची कल्पना वर्गात वापरण्यासारखी आहे. हजेरी घेताना प्रत्येकाने 'हजर' म्हणण्याऐवजी चाळले, ऐकले, अमुक पानापर्यंत आलो, यांपैकी जे खरे असेल ते सांगावे आणि त्यावर कोणालाही बोल लावू नये. पहिल्या तासाला चाळीसपैकी तीस जण 'ऐकले' म्हणतील. ते ऐकून घेण्याची तयारी मात्र हवी.

त्यानंतर वर्गातच दोन पाने मोठ्याने वाचून घ्यावीत आणि चर्चा त्याच दोन पानांवर करावी. ज्याने काहीही वाचलेले नाही, त्याच्याहीपाशी आता बोलण्यापुरता मजकूर असतो. या दोन पानांत माणसे एकमेकांना काय म्हणून हाक मारतात, कोण गप्प आहे, कोणते वाक्य तुम्हाला खटकले, असे प्रश्न विचारावेत. कादंबरीची आशयसूत्रे विचारली की ठेवणीतली वाक्ये परत येतात, हा माझा अनुभव आहे. मी स्वतः प्रत्येकाला कादंबरीतले एक वाक्य पानाच्या आकड्यासह चिठ्ठीवर लिहून आणायला सांगत असे. काही जण तासाच्या आधी पाच मिनिटे व्हरांड्यात प्रत उघडून कोणतेही एक वाक्य उतरवून घेत, हे मला दिसत असे. उतरवता उतरवता त्यांतला एखादा पुढचा परिच्छेदही वाचत उभा राही, आणि माझे तेवढ्यावर भागत असे.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी लिहिते. डेव्हिड लॉज यांच्या 'चेंजिंग प्लेसेस' या 1975 सालच्या इंग्रजी कादंबरीत प्राध्यापक मंडळी एक खेळ खेळतात: आपण न वाचलेल्या पण इतरांनी वाचलेल्या पुस्तकाचे नाव सांगायचे आणि जितक्या जणांनी ते वाचले असेल तितके गुण मिळवायचे. इंग्रजी साहित्याचा एक प्राध्यापक जिंकण्याच्या ईर्ष्येने 'हॅम्लेट' वाचले नसल्याचे सांगून बसतो, खेळ जिंकतो आणि नोकरी गमावतो. आपल्या स्टाफरूममध्ये हा खेळ कोणी मांडणार नाही. पंधरा वर्षांपूर्वी वाचलेल्या कादंबरीवर पिवळ्या पडलेल्या टिपणांवरून शिकवणे हेही बायार यांच्या हिशेबात 'वाचून विसरलेले' यातच मोडते, आणि समोरच्या चाळीस जणांना ते आपल्याला वाटते त्यापेक्षा लवकर कळते. यंदा आपणही पुस्तक नव्याने काढावे आणि हजेरीच्या वेळी आपलेही पान सांगावे.

प्रश्न: आमच्या सोसायटीत आम्ही अकरा बायका महिन्यातून एकदा वाचलेल्या पुस्तकावर बोलायला जमतो. सध्या भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' चालू आहे. मी साठ पानांनंतर ती मिटून ठेवली, कारण त्या मुलाची सततची तिरकस बडबड मला सहन होईना. मागच्या बैठकीत सगळ्या भरभरून बोलत होत्या आणि मी मान हलवत होते. आता पुढची बैठक माझ्याच घरी आहे आणि सुरुवात यजमानीणबाईंनी करायची, असा आमचा नियम आहे. (एक गृहिणी, डोंबिवली)

उत्तर: ताई, तुम्ही 'कोसला' वाचलेली नाही, असे मी म्हणणार नाही. साठ पाने वाचून तुम्हाला पांडुरंग सांगवीकरची बडबड सहन झाली नाही, हे त्या कादंबरीविषयीचे स्वच्छ मत आहे, आणि ती 1963 साली प्रसिद्ध झाली तेव्हापासून पुष्कळ वाचकांनी जवळपास हीच तक्रार केलेली आहे. भरभरून बोलणाऱ्यांच्या बोलण्यात 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' या दोन शब्दांची लकब किती वेळा आली आणि त्यापलीकडे काय आले, ते आठवून पाहा. 'कोसला' न वाचलेल्या माणसालाही हे दोन शब्द ठाऊक असतात. मान हलवणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात, असे मला वाटत नाही.

सुरुवात करताना तुम्ही साठाव्या पानावर थांबल्याचे आणि का थांबल्याचे सांगा. त्याआधी मात्र एक करा. पांडुरंगची धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूचा भाग पुढे कुठे येतो, ते मैत्रिणींपैकी कोणाला तरी फोन करून विचारा. ज्यांनी खरोखर वाचली आहे, त्या लगेच सांगतील, आणि फोनवर ज्या घुटमळतील त्यांच्याविषयी तुम्हाला आपोआप कळेल. तो भाग दुपारी निवांतपणे एकट्यानेच वाचा. तुम्हाला नकोशी झालेली ती तिरकस बडबड तिथे कशी तुटते, ते पाहा. आवडलाच पाहिजे असे काही नाही. बैठकीत त्यातली तीन-चार पाने मोठ्याने वाचून दाखवा, आणि चहा त्यानंतर आणायला सांगा. कपांचा आवाज त्या पानांच्या मध्ये यायला नको.